अनसाबाईंना विरजण लावलं त्याची गोष्ट

कुरणवाडी नावाचं एक गाव होतं. देव प्रत्येक गावाला एखादा तरी भोळा माणूस देतो. कुरणवाडीला त्यानं मुकिंदा दिला होता, आणि देताना हात जरा सढळ सोडला होता.

मुकिंदा अंगानं बैलासारखा. गवताचा भारा डोक्यावर घेऊन यायचा तेव्हा लोकांना आधी भारा दिसायचा, मग बऱ्याच वेळानं खाली मुकिंदा दिसायचा. मन म्हणाल तर लोण्याचं. कुणाला नाही म्हणणं त्याला ठाऊक नव्हतं. खोड एकच. सांगितलेलं तो ऐकायचा. नीट कान देऊन ऐकायचा. आणि एकदा ऐकलेलं कधी म्हणून विसरायचा नाही. बाकीचे लोक निम्मं विसरतात म्हणून जग चालतं. मुकिंदाचं तसं नव्हतं.

त्याची आई अनसाबाई. व्रतावैकल्याची बाई. सोमवार शंकराचा, मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. मधल्या वारांत एकादशी नाहीतर संकष्टी येऊन बसायचीच. त्यातून एखादा दिवस जेवायला मोकळा सापडला, की अनसाबाईंना चुकल्यासारखं व्हायचं.

या सगळ्यांत एक नवस मोठा होता. मुकिंदा लहानपणी बोलत नव्हता. त्याच्या वयाची पोरं शिव्या द्यायला लागली तरी हा गप्प. तेव्हा अनसाबाईंनी डोंगरमाथ्यावरच्या देवीला, डोंगराईला हात जोडले होते. "आई, याच्या तोंडून शब्द फुटू दे. अंगात जीव आहे तोवर दर नवरात्रात अष्टमीला माझ्या पायांनी वर येईन आणि तुझी ओटी भरीन."

शब्द फुटला. तेव्हापासून एकही अष्टमी चुकली नव्हती.

शेजारच्या गजराकाकू म्हणायच्या, "अगं अनसा, मागायचंच होतं तर जोडीनं थोडी अक्कलही मागायचीस की."

"एका वेळी एकच मागावं," अनसाबाई म्हणायच्या. "देवीला पण घरं पुष्कळ असतात."

तर त्या वर्षी श्रावणात असं झालं, की अनसाबाई मारुतीच्या देवळाच्या पायरीवर पाय ठेवायला गेल्या आणि तिथंच बसल्या. डोळ्यांपुढे काजवे. गजराकाकूंनी धरून घरी आणलं आणि उपकेंद्रातल्या नर्सबाईंना, प्रमिलाताईंना, बोलावून घेतलं.

प्रमिलाताईंनी डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली. आत पांढरं फटक.

"मावशी, आज काय खाल्लंत?"

"आज सोमवार."

"काल?"

"काल संकष्टी होती ना."

"परवा?"

"परवा शनिवार. रात्री उपास सोडला की. भात आणि आमटीचं पाणी."

"आणि आमटीतली डाळ?"

"ती मुकिंदाला."

प्रमिलाताईंनी मुकिंदाकडे पाहिलं. मुकिंदा दारात उभा होता. दार भरून गेलं होतं.

"मावशी," त्या म्हणाल्या, "उपासाला तुम्ही खाता तो साबुदाणा म्हणजे नुसतं पिष्ट. अंगात गेलं की त्याची साखर होते. ती पाचटासारखी भरकन पेटते आणि भरकन विझते. पाचटावर कुणी डोंगर चढतं का?"

मुकिंदानं मान वळवून अंगणातल्या पाचटाच्या ढिगाकडे पाहिलं.

"तू खाली बस रे," अनसाबाई घाईघाईनं म्हणाल्या.

"तुमच्या पोटऱ्यांचं मांस झिजलंय," प्रमिलाताई पुढे सांगत होत्या. "ते भरून यायला प्रथिनं हवीत. ती डाळीत असतात, कडधान्यात, दुधात, शेंगदाण्यात. आणि रक्तात लोह कमी आहे. लोह असलं तर रक्त श्वासातली हवा पार पायांपर्यंत पोचवतं. नसलं की धाप लागते, चक्कर येते. त्याला पालेभाजी खा आणि या गोळ्या घ्या."

"म्हणजे उपास सोडू?" अनसाबाईंचा आवाज एवढासा झाला.

"सोडा कुठं म्हणतेय? दाणे, दूध, ताक, राजगिरा उपासाला चालतो की. साबुदाण्याशिवाय देवी पावत नाही, असं कुठल्या कहाणीत ऐकलंत?"

अनसाबाईंनी पाठ असलेल्या सगळ्या कहाण्या मनातल्या मनात आठवून पाहिल्या. तसं कुठेच नव्हतं.

"अष्टमीच्या आधी मी येऊन रक्त तपासते," प्रमिलाताई म्हणाल्या. "भरलं असेल तर खुशाल चढा. नाहीतर यंदा खालूनच नमस्कार."

अनसाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. खालून नमस्कार म्हणजे नवस मोडला.

"आई, मी तुला खांद्यावर नेतो," मुकिंदा म्हणाला.

"नवस माझ्या पायांचा आहे रे. तुझ्या खांद्याचा नाही."

मुकिंदानं विचार केला. मग म्हणाला, "मग मी तुझ्या पायांना खायला घालतो."

गोळ्यांची पुडी मात्र अनसाबाईंनी पदराच्या गाठीला बांधून टाकली. त्या लेकाला ओळखून होत्या.

बुधवारी मुकिंदानं दुकानातून मटकी आणली. ताट घेतलं. मधोमध मटकीचा ढीग ओतला. बाजूला मीठ, लोणच्याची फोड. पाटही मांडला.

"आई, जेवायला ये."

अनसाबाईंनी चार दाणे तोंडात टाकले. एक दाढ हलली.

"अरे माझ्या देवा! ही कोरडीच वाढलीस होय? मुकिंदा, असं नसतं करायचं. रात्रभर पाण्यात भिजत घालायचं. सकाळी ओल्या फडक्यात घट्ट बांधायचं, चुलीजवळ उबेला ठेवायचं आणि मोड यायची वाट बघायची. मोड आले की पचायलाही हलकं."

"चुकलंच," मुकिंदा म्हणाला. "पुढच्या खेपेला तसंच करतो."

मटकी अनसाबाईंनीच उठून भिजत घातली. मोड आले, उसळ झाली. बऱ्याच दिवसांनी त्या पोटभर जेवल्या.

मंगळवार तोंडावर आला. उपासाला राजगिरा आणि दाण्यांचे लाडू करायचं ठरलं. घरात गूळ नव्हता. मुकिंदा गुळाची भेली घेऊन आला. अनसाबाई देवापुढे बसल्या होत्या. मुकिंदानं त्यांना त्रास दिला नाही. त्याला आता सगळं माहीत होतं.

भेली त्यानं रात्रभर पाण्यात भिजत घातली.

सकाळी पाहतो तर पातेल्यात गूळ नाही. नुसतं तपकिरी पाणी. मुकिंदा डगमगला नाही. फडकं त्या पाण्यात बुचकळलं, घट्ट बांधलं आणि चुलीजवळ उबेला ठेवलं. कुरणवाडीतल्या झाडून सगळ्या मुंग्यांना निरोप गेला.

"मुकिंदा! अरे हे काय आहे?"

"गूळ. मोड यायला ठेवलाय."

"मोड? अरे, मुंग्या लागल्यात त्याला!"

मुकिंदानं वाकून पाहिलं. "नाही आई, मोडच आहेत," तो आनंदानं म्हणाला. "चालायला पण लागले."

"अरे माझ्या देवा!" अनसाबाईंनी कपाळाला हात लावला. "गुळाला पाण्याचं वारंसुद्धा लागू द्यायचं नाही. आणला की कोरड्या डब्यात घालायचा. झाकण घट्ट बसवायचं. फळीवर ठेवून द्यायचा. हवा तेव्हा काढायचा."

"चुकलंच. पुढच्या खेपेला तसंच करतो."

गजराकाकूंनी वाटीभर गूळ आपल्या घरातून दिला आणि वर विचारलं, "अनसा, तुझा नवस नक्की कुठल्या देवीला होता? तिला एकदा भेटायचं होतं मला."

"चेष्टा कर," अनसाबाई म्हणाल्या आणि लाडू वळायला बसल्या. तरी एक लाडू वळता वळता तोंडात टाकला. उपासाचाच होता.

मग पालेभाजीची पाळी आली. गजराकाकूंच्या परसात चाकवत माजला होता. हिरवागार, लुसलुशीत. त्यांनी मोठी जुडी उपटून मुकिंदाच्या हातात दिली. "जा, आईला दे. रक्त भरेल तिचं."

मुकिंदानं जुडी घरी आणली. पाण्याचं वारंही लागू दिलं नाही. मातीसकट कोरड्या डब्यात कोंबली, झाकण घट्ट बसवलं, वर दगड मारून अजून घट्ट केलं आणि डबा फळीवर ठेवून दिला.

दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी गजराकाकू आल्या. आल्या त्या नाकाला पदर लावूनच.

"काय गं, घरात उंदीर मेलाय का?"

"मी पण तोच शोधतेय सकाळपासून," अनसाबाई म्हणाल्या. "आणि हे बघ, तू भाजी देणार होतीस ना? आलीच नाही."

दोघींनी मुकिंदाकडे पाहिलं.

"फळीवर आहे," मुकिंदा म्हणाला. "हवी तेव्हा काढायची."

झाकण उघडलं. नंतर सगळी दारं उघडली. नंतर शेजारच्यांनी त्यांची दारं लावून घेतली.

आता गजराकाकूंनी स्वतः त्याला पुढ्यात बसवलं. महिला मंडळात प्रमिलाताईंनी सांगितलेलं त्यांच्या ध्यानात होतं. "हे बघ बाबा, आणलं की लगेच करायला घ्यायचं. आधी धुवायचं, मग चिरायचं. चिरून धुतलं की निम्मी जीवनसत्त्वं पाण्याबरोबर मोरीत जातात. धुताना कंटाळा करायचा नाही. पाणी बदलत राहायचं. शेवटचं पाणी अगदी निवळ आलं पाहिजे. ध्यानात राहील?"

"राहील," मुकिंदा म्हणाला. आणि खरोखर राहिलं. हीच तर पंचाईत होती.

"आणि शिजताना तेलाची फोडणी हवी," काकू पुढे अनसाबाईंना सांगत होत्या. "काही जीवनसत्त्वं तेला-तुपाशिवाय अंगात शिरतच नाहीत म्हणे. वर लिंबू पिळ. त्यानं भाजीतलं लोह अंगाला लागतं."

नवीन जुडी आली. अनसाबाईंनी धुतली, चिरली, फोडणीला टाकली, लिंबू पिळलं. भाकरीबरोबर खाल्ली. आणि या वेळी आमटीतली डाळ दोघांच्या वाट्यांत सारखी पडली.

पुढच्या सकाळी गवळ्याकडून चरवीभर दूध आणायचं होतं. म्हशीचं, घट्ट, सायीचं. मुकिंदानं आणलं आणि लगेच करायला घेतलं. आधी धुवायला घेतलं.

चरवीत पाणी ओतलं. हलवलं. वरचं पाणी मोरीत सोडलं. पांढरं निघालं. पुन्हा ओतलं. पुन्हा पांढरं. मुकिंदा चिकाटीचा. कंटाळा करायचा नाही, असं काकूंनी बजावलं होतं. मोरीच्या तोंडाशी गल्लीतली मांजरं जमली. त्यांतली काही तर त्या गल्लीची नव्हतीच.

"मुकिंदा, दूध कुठाय?"

"धुतलं."

"काय केलंस?"

"धुतलं. फार मळलेलं होतं, आई. पांढरा रंग काही केल्या जात नव्हता. आता बघ." त्यानं चरवी पुढे केली. "तळ दिसतो."

अनसाबाईंनी तळ पाहिला. तळाशी मुकिंदाचा चेहरा दिसत होता. आनंदी होता.

"चिरायला पण बसलो होतो," तो जरा ओशाळून म्हणाला. "पण ते विळीवर थांबेना."

"अरे माझ्या देवा!" अनसाबाईंना रागवायचं होतं. पण काय झालं कोण जाणे, त्या हसायलाच लागल्या. हसता हसता खाली बसल्या. हसून झाल्यावर डोळे पुसत म्हणाल्या, "दूध तापवतात रे, बाळा. दही लावायचं असलं तर कोमट होऊ द्यायचं. बोट लावून बघायचं. बोटाला सोसेल इतकं ऊन असलं की चमचाभर विरजण लावायचं. वर झाकायचं. मग हलवायचं नाही. कुणाला हात लावू द्यायचा नाही. हललं की मोडतं."

"चुकलंच. पुढच्या खेपेला तसंच करतो."

गवळ्याकडे दुसरी चरवी आणायला त्या स्वतः गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं, की वाटेत कुठे बसावं लागलं नाही.

भाद्रपद सरत आला. प्रमिलाताई येऊन गेल्या. पापणीच्या आत गुलाबी झाक आली होती. पण अनसाबाईंचे गुडघे बोलत होते.

"दुधा-दह्यातून कॅल्शियम मिळतंय, ते चांगलंच आहे," प्रमिलाताई म्हणाल्या. "पण पोटातून ते अंगात उतरायला आणखी एक जीवनसत्त्व लागतं. ते ताटात फारसं मिळत नाही. ते आपली कातडी उन्हात तयार करते." आणि निघता निघता मुकिंदाला म्हणाल्या, "आईला रोज सकाळी थोडी उन्हात बसवत जा."

एवढंच म्हणाल्या. आणखी एक वाक्य म्हणाल्या असत्या तर पुढचं टळलं असतं.

सकाळी मुकिंदानं अंगणात घोंगडी घातली. आईला आणून बसवलं. ऊन अंगावर आलं. अनसाबाईंना छान वाटलं. त्यांनी जपमाळ काढली.

थोड्या वेळानं मुकिंदा आला. त्यानं आईच्या कपाळाला बोट लावून पाहिलं. कोमट होतं. बोटाला सोसत होतं.

तो आत गेला. दह्याचा चमचा घेऊन आला. ते दही त्यानं आईच्या डोक्यावर, बरोबर भांगात, हलकेच सोडला. वरून स्वच्छ पंचा पांघरला, पार जमिनीपर्यंत. आणि हातात काठी घेऊन राखणीला उभा राहिला.

कुत्रं आलं. हाकललं. कोंबडी आली. हाकलली. सरपंच रामराम करायला थांबले. "पुढं व्हा," मुकिंदा हळू आवाजात म्हणाला. "इथं हादरा बसतो." सरपंच चवड्यांवर चालत पुढे गेले.

ऊन चढलं. गजराकाकू कळशी घेऊन निघाल्या होत्या, त्यांना अंगणात पांढरं गाठोडं दिसलं. गाठोड्यातून जप ऐकू येत होता.

"अगं बया! अनसा? तू आहेस का आत?"

"हळू बोल," गाठोडं म्हणालं. "मला विरजण लावलंय."

"कुणी?"

"कोण लावणार?"

"मग ऊठ की!"

"उठले तर मोडेल म्हणतो."

"काय मोडेल?"

"ते मला नाही कळलं. पण एवढ्या मायेनं लावलंय पोरानं. कसं मोडू?"

गजराकाकूंनी कळशी खाली ठेवली. पंचा ओढून काढला. आत अनसाबाई घामानं निथळत होत्या. कपाळावरून दह्याचा ओघळ नाकापर्यंत आला होता.

"काकू! हलवू नका!" मुकिंदा कळवळला. "अजून लागलं नाही!"

"अरे गाढवा!" काकू ओरडल्या. "आई आहे ती, लोटकं नाही! तिला घेरी आली असती म्हणजे? आता ऐक. कान उघडे ठेवून ऐक. ऊन कोवळं असेतोच उन्हात बसू द्यायचं. ऊन चढलं, की उन्हात बसलेल्याला उचलायचं आणि गार सावलीत नेऊन ठेवायचं. विचारत बसायचं नाही!"

"कुणीही असलं तरी?"

"कुणीही असलं तरी!"

मुकिंदानं आईला तिथल्या तिथं उचललं आणि पडवीत नेऊन ठेवलं. काकूंचं समाधान झालं. असं समाधान लगेच होऊ देऊ नये.

नवरात्र बसलं. प्रमिलाताईंनी सुई टोचून रक्त पाहिलं. अनसाबाई तोवर डोळे मिटून डोंगराईचं नाव घेत होत्या.

"मावशी, डोळे उघडा. भरलंय रक्त."

"चढू?"

"चढा. मी बरोबर येते."

अनसाबाईंनी आधी देवाला नमस्कार केला, मग प्रमिलाताईंना करायला निघाल्या. त्यांनी मधेच हात धरले. "मला कशाला? तुमचं तुम्हीच केलंत सगळं."

खरंच होतं ते. मुकिंदानं बिघडवलेलं प्रत्येक काम अनसाबाईंनी उठून पुन्हा नीट केलं होतं. आणि केलेलं खाल्लंही होतं. लेक तोंडाकडे बघत बसायचा ना, की पायांना पोचतंय का नाही.

अष्टमीला सगळं गाव डोंगराला लागलं. अनसाबाईंनी हिरवं लुगडं नेसलं होतं. ओच्यात ओटीचं सामान. खण, तांदूळ, नारळ, हळकुंड. गजराकाकू आणि प्रमिलाताई दोन्ही अंगांना. "तू पुढं हो रे," अनसाबाईंनी मुकिंदाला सांगितलं, "रांगेत माझी जागा धर."

मुकिंदा ढांगा टाकत वर गेला. वर डोंगराईला देऊळ नाही. तिला छप्पर चालत नाही, अशी रीतच आहे. उघड्या माथ्यावर शेंदराचा मोठा दगड, आणि अष्टमीपुरता त्यावर पितळी मुखवटा बसवलेला. पुजारीबुवा पलीकडे नारळ फोडत होते. रांग अजून निम्म्या वाटेवर होती.

मुकिंदानं हात जोडले. मग वर पाहिलं. ऊन चढलं होतं. पितळेला हात लावून पाहिला. चांगलंच तापलं होतं.

त्यानं विचारलं नाही. विचारत बसायचं नव्हतं.

इकडे अनसाबाई चढत होत्या. पहिल्या वळणाला प्रमिलाताईंनी विचारलं, "चक्कर?" "नाही." दुसऱ्या वळणाला विचारलं, "धाप?" "बोलू नकोस बाई, चढू दे." शेवटची चढण आली. अनसाबाईंनी पदर खोचला आणि माथ्यावर पाऊल ठेवलं. पाय थरथरत नव्हते. डोळ्यांत पाणी दाटलं होतं. त्यांनी दोन्ही हातांनी ओच्यातली ओटी सावरली आणि मान वर केली.

दगड होता. देवी नव्हती.

"मुखवटा!" पुजारीबुवा किंचाळले. "मुखवटा कुठाय?"

रांगेत एकच कालवा झाला. चोर म्हणे, दरोडा म्हणे. अनसाबाईंनी मात्र उन्हाकडे पाहिलं. मग गजराकाकूंकडे पाहिलं. गजराकाकूंनी तोंडावर हात ठेवला.

"खाली सावली कुठं आहे?" अनसाबाईंनी विचारलं.

सावली एकच होती. पायथ्याची चिंच. सगळे धावत खाली उतरले.

चिंचेखाली गावातल्या थकल्या म्हाताऱ्या बसलेल्या असतात. ज्यांना आता चढवत नाही, त्या तिथून हात जोडतात आणि घरी जातात. आज त्यांच्या मधोमध, ओल्या गोणपाटावर, डोंगराई बसली होती. मुकिंदा चिंचेच्या डहाळीनं तिला वारा घालत होता. रांगेला हादरा नको म्हणून तो मागच्या गवतातल्या वाटेनं उतरला होता. त्यांतल्या धुरपदाआजीला जन्मापासून दिसत नव्हतं, तर ती देवीच्या गालांवरून बोटं फिरवत होती.

"एवढुशी आहे होय गं ही?" ती म्हणत होती. "इतकी वर्षं नुसते हात जोडून मला वाटलं, केवढी तरी असेल."

"मुकिंदा!" पुजारीबुवांचा आवाज चिरकला. "अरे, देवी आहे ती!"

"ऊन चढलं होतं, बुवा."

"देवीला ऊन लागत नाही!"

"तापली होती. मी हात लावून बघितलं. कुणीही असलं तरी उचलायचं, असं काकू म्हणाल्यात."

सगळ्यांनी गजराकाकूंकडे पाहिलं. काकू चिंचेला यंदा किती चिंचा लागल्यात ते बघत होत्या.

मुखवटा परत वर न्यायला हवा होता. तो मुकिंदानं उचलला. पण अनसाबाईंची ओटी भरायची राहिली होती, आणि ती वरच भरायची होती.

"मावशी," प्रमिलाताई काळजीनं म्हणाल्या, "लगेच दुसऱ्यांदा? जमेल?"

अनसाबाईंनी राजगिऱ्याचा लाडू काढला. खाल्ला. वर ताक प्याल्या. "ओटी न भरता मागं फिरायचा नवस नव्हता माझा," म्हणाल्या आणि चढायला लागल्या. पहिल्या वळणाला प्रमिलाताईंनाच थोडं थांबावं लागलं.

वर मुखवटा बसला. अनसाबाईंनी आपल्या पायांवर उभं राहून देवीची ओटी भरली. खण, तांदूळ, नारळ, हळकुंड. कपाळ दगडाला टेकवलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं.

"आता तपासायचं काही राहिलं नाही," प्रमिलाताई दम खात म्हणाल्या.

पुजारीबुवा मात्र मुकिंदाला बाजूला घेऊन उभे होते. "नीट ऐक. देवीला खाली न्यायचं नाही. कधीच नाही. माणसांना देवीकडे वर आणायचं. खाली जो कुणी असेल, त्यानं वर यायचं. कळलं?"

"कळलं, बुवा. चुकलंच," मुकिंदा म्हणाला. "तसंच करतो." आणि तो नाहीसा झाला.

आरती सुरू झाली. निम्मी झाली नाही तोच मुकिंदा चढणीवरून वर आला. त्याच्या खांद्यावर धुरपदाआजी बसली होती. दोन्ही हात जोडून, पदर वाऱ्यावर. त्यानं तिला देवीपुढे ठेवलं आणि परत फिरला. पुढच्या खेपेला चिंचेखालची दुसरी म्हातारी आली. मग तिसरी. मग कुणी न सांगता पुजारीबुवांनी म्हाताऱ्यांसाठी सतरंजी अंथरली. अनसाबाई आरती म्हणता म्हणता सरकून त्यांना जागा करून देत होत्या.

म्हाताऱ्या संपल्या. मुकिंदा पुन्हा खाली गेला.

या खेपेला त्याच्या खांद्यावर एक अनोळखी गृहस्थ होते. इस्त्रीचा सदरा, पायांत बूट, काखेत बॅग. ते हातपाय झाडत होते.

"अहो, सोडा मला! मी या गावचासुद्धा नाही! मी फाट्यावर एस.टी.ची वाट बघत उभा होतो!"

मुकिंदानं त्यांना अलगद देवीपुढे ठेवलं. त्यांचा सदरा नीट केला. अनसाबाईंनी पुढे होऊन त्यांच्या हातावर प्रसाद ठेवला.

"घ्या. देवीनं बोलावलं म्हणायचं," त्या म्हणाल्या. "दमला असाल."

"अहो बाई, पण माझी एस.टी.?"

"खाली राहिली होय?" मुकिंदानं घाम पुसला आणि बाह्या सारल्या. "थांबा, आणतो."